आपल्या संकेतस्थळावर थेट नभोवाणी

नभोवाणी म्हटली की मनोरा आलाच, अशी आपली समजूत असते आणि ती अगदीच चुकीची नाही. म्हैसमाळच्या माथ्यावर गेलेल्या प्रत्येकाने दूरदर्शनचा मनोरा पाहिलेला आहे. तो तेथेच का उभारला, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. एफ. एम. च्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. सबब मनोरा जितका उंच, तितका त्याचा आवाज लांब. सामूहिक नभोवाणी केंद्रांना तर आपल्याकडे सामान्यतः १०० वॉटइतकीच प्रक्षेपणशक्ती वापरण्याची मुभा आहे. तेवढ्यात साधारण दहा-पंधरा किलोमीटरचा टापू ऐकू शकतो. शहरातील एम. जी. एम. चे ९०.८ वरील केंद्र या जातीचे. तेथून आपले खुलताबाद पंचवीसेक किलोमीटर, तेही घाट चढून. म्हणजे शहरातला विद्यार्थी जे सहज ऐकतो, ते आपल्या गावातल्या रेडिओसंचावर यावे अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षी आमच्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीत सूचना आली की, मंडळाच्या संकेतस्थळावर ‘थेट रेडिओ’ असावा. सूचना करणाऱ्यांच्या मनात आकाशवाणीची गाणी होती. माझ्या मनात स्नेहसंमेलन होते. आपल्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक मुलांचे आईवडील आसपासच्या खेड्यांत शेती करतात. मुलगी वक्तृत्वस्पर्धेत बोलते तेव्हा आई कापसात असते. तिने कामाचा दिवस मोडून तालुक्याला यावे, असे म्हणणे सोपे आहे. खिशातल्या फोनवर तिला मुलीचे भाषण ऐकू आले तर? या प्रश्नासाठी मी हा विषय समजून घेतला. तो जसा समजला तसा येथे मांडतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संकेतस्थळावर जो प्लेअर दिसतो त्यात नभोवाणी नसते. तेथे असते एक कळ आणि कळीमागे एक पत्ता. आवाज त्या पत्त्यावरच्या सर्व्हरवरून येतो. त्याची साखळी अशी: ध्वनिमुद्रकापुढे वक्ता बोलतो, तो आवाज एका साध्या संगणकात जातो, तेथील प्रोग्रॅम त्या आवाजाचे आकडे करतो, ते एमपीथ्री किंवा एएसी पद्धतीने दाबून लहान करतो आणि इंटरनेटवरून अखंड धारेसारखे सर्व्हरकडे पाठवीत राहतो. सर्व्हरवर ‘आइसकास्ट’सारखा प्रोग्रॅम बसलेला असतो. हा मोफत मिळतो. तो ती एक धार घेतो आणि जो जो श्रोता कळ दाबील त्याला तिची एकेक प्रत देतो.

मनोरा आणि सर्व्हर यांतला सगळा फरक या ‘एकेक’ शब्दात आहे. भद्रा मारुतीच्या यात्रेचे उदाहरण घ्या. ध्वनिक्षेपकावरून एक सूचना दिली की ती शंभरांनी ऐकली काय आणि लाखांनी ऐकली काय, खर्च तोच. मनोऱ्याचे असेच आहे. पण प्रसाद वाटायचा झाला तर माणसागणिक एक द्रोण लागतो. इंटरनेटवरची नभोवाणी ही प्रसादाच्या जातीची आहे. ऐकणाऱ्यागणिक खर्च वाढतो आणि तो सर्व्हरवाल्याला पडतो.

हिशेब अवघड नाही. भाषणासाठी सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात, म्हणजे ८ किलोबाइट. तासाला झाले सुमारे २९ मेगाबाइट. मोबाईलच्या रोजच्या डेटातून एवढे ऐकणे कोणालाही जड नाही. आता ५०० पालकांनी तीन तासांचा कार्यक्रम ऐकला असे धरा. सर्व्हरमधून सुमारे ४३ गिगाबाइट बाहेर पडतील आणि त्याची वाट सेकंदाला ३२ मेगाबिट वाहून नेण्याइतकी रुंद लागेल. आपल्या कार्यालयातील इंटरनेटचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे ते येथे हसतील. पण गंमत अशी की, महाविद्यालयातून बाहेर जायची असते फक्त एक धार, ६४ किलोबिटची. पाचशे प्रती दूरचा सर्व्हर करतो. तेवढ्यासाठी भाड्याची जागा कार्यक्रमापुरती घेतली तरी चालते. म्हणून सर्व्हर महाविद्यालयाच्या खोलीत मुळीच ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता गाण्यांच्या सूचनेकडे वळतो. आकाशवाणीचे आपल्या शहराचे केंद्र १०१.७ मेगाहर्ट्झवर आहे, आणि आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रे ‘न्यूज ऑन एआयआर’ या अ‍ॅपवरही ऐकता येतात. मग त्यांच्या धारेचा पत्ता शोधून आपल्या प्लेअरमागे बसविला तर काय बिघडले? यांत्रिकदृष्ट्या काही नाही. पाच मिनिटांचे काम आहे. पण द्रोणाचा हिशेब आठवावा. ऐकणारे आपले, नाव आपल्या संकेतस्थळाचे आणि भार त्यांच्या सर्व्हरवर. शेजाऱ्याच्या विहिरीवर न विचारता आपली मोट बांधण्यातला हा प्रकार आहे. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमाने प्रक्षेपण करणाऱ्यालाही आपल्या प्रक्षेपणावर २५ वर्षांचा हक्क दिलेला आहे. तेव्हा परवानगी मागावी. ती मिळेपर्यंत त्यांच्या पानाकडे नेणारी लिंक द्यावी. लिंक दिल्याने कोणाचे काही जात नाही, उलट त्यांचा श्रोता वाढतो.

कायद्याची दुसरी बाजू स्नेहसंमेलनाला थेट लागू आहे. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात शिक्षणसंस्थांना एक सवलत आहे: संस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी एखादे नाटक किंवा गाणे सादर केले आणि प्रेक्षक म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित मंडळीच असली, तर तो हक्कभंग होत नाही. इंटरनेटवर खुले प्रक्षेपण केले की हा मर्यादित प्रेक्षक उरत नाही. नभोवाणी केंद्रांना ठरावीक मोबदल्यात गाणी वाजविण्याची सोय २०१२ साली कायद्यात घातली गेली. पण ती इंटरनेटवरील सेवेला लागू नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. त्यामुळे चित्रपटगीतांवरील नृत्ये सुरू झाली की आपण धार बंद करावी, हे बरे. (नृत्य ऐकण्यात तसेही काय आहे?) वक्तृत्व, स्वरचित कविता, वादविवाद आणि ज्यांचे हक्क आपल्याच माणसांकडे आहेत ते सर्व खुशाल सोडावे. मात्र मुलामुलींची संमती आधी घ्यावी. आवाज त्यांचा आहे.

असा उपद्व्याप विद्यार्थ्यांनी करायचा का, असे विचारणाऱ्यांसाठी एक जुना दाखला आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे ‘डब्ल्यूएक्सवायसी’ हे केंद्र ७ नोव्हेंबर १९९४ रोजी इंटरनेटवरून ऐकू येऊ लागले. अशा पहिल्या केंद्रांत त्याची गणना होते. आपल्याकडे पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ वर आहे. तेव्हा विद्येच्या घरी नभोवाणी असणे यात नवे काही नाही.

प्लेअर पानावर बसविताना मात्र काही बारकावे सांभाळावे लागतात. पानाच्या मजकुरात ‘ऑडिओ’ ही खूण घालून तिला धारेचा पत्ता आणि ‘कंट्रोल्स’ हा शब्द दिला की ब्राउझर स्वतःच कळ दाखवितो. निराळे काही विकत घ्यावे लागत नाही. पण त्या पत्त्याचा शेवट ‘एम-थ्री-यू’ किंवा ‘पी-एल-एस’ असा असेल तर तो बहुधा धारेचा पत्ता नसून पत्ता लिहिलेली चिठ्ठी असते. ती उघडून आतला पत्ता घ्यावा. (‘एम-थ्री-यू-एट’चा प्रकार वेगळा. त्यात आवाज लहान लहान तुकड्यांनी येतो आणि काही ब्राउझरना त्यासाठी जादा प्रोग्रॅम जोडावा लागतो.) आपले पान ‘एचटीटीपीएस’ आणि धार साध्या ‘एचटीटीपी’ची असेल तर ब्राउझर ती अडवू शकतो, तेव्हा सर्व्हरही सुरक्षित पत्त्याचाच घ्यावा. ‘प्रीलोड’ या ठिकाणी ‘नन’ लिहावे, नाहीतर कळ न दाबताच पालकाचा डेटा खर्च होऊ लागण्याचा संभव असतो. पान उघडताच आवाज सुरू व्हावा हा हट्टही सोडावा. २०१८ पासून क्रोमसारखे ब्राउझर तसे सहसा होऊ देत नाहीत, आणि वर्गात बसून पान उघडणारा विद्यार्थी त्याबद्दल त्यांचा ऋणीच राहील.

आणखी एक खोड अशी की, ऐकणाऱ्याने मध्येच थांबवून दहा मिनिटांनी पुन्हा कळ दाबली तर त्याला प्रथम मघाचाच साठलेला आवाज ऐकू येऊ शकतो. म्हणून थांबविताच पत्ता काढून टाकावा आणि पुन्हा दाबल्यावर नव्याने जोडावा, एवढी दोन ओळींची सोय करून ठेवावी.

‘थेट’ हा शब्दही जरा बेतानेच घ्यावा. आवाज दाबणे, सर्व्हरवर साठणे, फोनपर्यंत पोचणे यांत दहा-वीस सेकंद, कधी अर्धे मिनिटही जाते. सभागृहात टाळ्या थांबलेल्या असतात तेव्हा शेतातल्या फोनवर भाषणाचे शेवटचे वाक्य चालू असते. यात आईचे काही बिघडत नाही. मात्र इंटरनेटवरून ऐकलेल्या आकाशवाणीच्या वेळेच्या ठोक्यांवर कोणी घड्याळ लावू नये.

वर्षातले बहुतेक दिवस आपली धार बंदच असणार. अशा वेळी कळ दाबल्यावर नुसते गोल फिरणारे चक्र दिसले तर खेड्यातला माणूस आपलाच फोन बिघडला असे समजतो. म्हणून कळीच्या खाली ठळक अक्षरांत लिहावे: प्रक्षेपण अमुक तारखेला, सकाळी इतक्या वाजता, वक्त्यांचा क्रम असा. मुलीचे नाव कितवे आहे, हे आईला आदल्या रात्रीच कळलेले बरे.