सिकलसेल : रक्तातील वारसा आणि आपली जबाबदारी



या स्मरणिकेसाठी लेखाची मागणी झाली, तेव्हा मी इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे मार्कंड्याच्या मंदिरसमूहावर लिहावे, अशी अनेकांची अपेक्षा होती. वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते, तेथील ती शिल्पे पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. सोळा वर्षांचेच आयुष्य लाभलेला एक मुलगा मृत्यूवर मात करतो, ही त्या स्थळाशी जोडलेली आख्यायिकाही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आख्यायिकेचा विचार आख्यायिका म्हणूनच करावा. परंतु याच नदीच्या दोन्ही तीरांवरील गावांत, ज्यांच्या आयुष्याला आजाराने अकाली मर्यादा घातली अशी मुले खरोखरच जन्मास आली आहेत आणि आजही येत आहेत. आज मी त्यांच्याविषयी लिहीत आहे.

प्रथम एक कबुली देतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका अन्य शाळेत शिकवीत होतो. नववीच्या वर्गातील एक मुलगा थंडीच्या दिवसांत प्रार्थनेला उभा राहत नसे. हातपाय दुखतात, असे तो सांगे. त्याचे डोळे पिवळसर दिसत आणि तो लवकर थकत असे. मी त्याला कामचुकार समजलो आणि एके दिवशी शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारावयास लावल्या. त्याच रात्री वेदनेने तळमळणाऱ्या त्या मुलाला दवाखान्यात न्यावे लागले. तो वाचला, परंतु शाळेत परतला नाही. दाखला नेण्यास आलेल्या त्याच्या वडिलांच्या तोंडून 'सिकल' हा शब्द मी प्रथम ऐकला. निघताना ते हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, कोणाले सांगू नोका जी. घरी पोरीचं लगन हाय."

माझे अज्ञान आणि त्या बापाची भीती, या दोन गोष्टींनी आपल्या समाजाचे फार नुकसान केले आहे. दोहोंवर उपाय एकच : नीट समजून घेणे.

एका अक्षराचा फरक

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात. केसाहून बारीक अशा रक्तवाहिन्यांतून त्या सहज पुढे सरकतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन हे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. सिकलसेल आजारात प्राणवायू सोडल्यानंतर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून ताठ दोऱ्यांसारखे होतात आणि पेशीला विळ्याचा आकार येतो. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी दोन-तीन आठवड्यांतच नष्ट होते. म्हणून रक्त सतत कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात. थंडी, तहान, ताप आणि अतिश्रम यांमुळे त्रास वाढतो. माझ्या त्या विद्यार्थ्याला हिवाळ्यातच का दुखत असे आणि धावण्याने काय झाले असेल, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल.

या आजाराची पहिली शास्त्रीय नोंद १९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी केली. त्यांचा रुग्ण वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून आलेला एक विद्यार्थी होता. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर केंब्रिज येथे व्हर्नन इनग्राम यांनी नेमका फरक शोधला. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. अकराव्या गुणसूत्रावरील जनुकाच्या लिपीत केवळ एक अक्षर बदलल्याचा हा परिणाम.

इनग्राम यांचा पहिला निबंध 'नेचर' या नियतकालिकाच्या १३ ऑक्टोबर १९५६ च्या अंकात प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच दिवशी नागपूर येथे आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या माणसांना धम्मदीक्षा दिली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जाणवलेला हा केवळ योगायोग. परंतु दीक्षाभूमीवर जमलेल्या त्या जनसागरातील कित्येक कुटुंबे हा आजार नकळत रक्तात वागवीत होती. नंतर दोनच वर्षांनी, १९५८ साली, शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. पुढील संशोधनातून विदर्भातील अनुसूचित जाती, विशेषतः आपला पूर्वाश्रमीचा महार समाज, तसेच गोंड, माडिया, परधान आदी आदिवासी समाज यांत हे जनुक मोठ्या प्रमाणात असल्याचे स्पष्ट झाले. महाराष्ट्रातील काही आदिवासी समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले आहे.

हिवतापाशी झालेला सौदा

एवढे घातक जनुक टिकले कसे? ज्यांना आजार होतो ते अनेकदा मूल होण्यापूर्वीच मृत्यू पावत. मग काही पिढ्यांत ते नाहीसे व्हावयास हवे होते. या प्रश्नाचे उत्तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दिले. ज्या प्रदेशांत हिवताप अधिक, त्याच प्रदेशांत हे जनुक अधिक. आईकडून एक व वडिलांकडून एक, अशा जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाला मिळतात. दोहोंपैकी एकच प्रत सदोष असेल, तर ती व्यक्ती 'वाहक' असते आणि सर्वसाधारण निरोगी आयुष्य जगते. अशा व्यक्तीच्या तांबड्या पेशीत फाल्सिपेरम जातीचा हिवतापाचा जंतू शिरला, तर त्याची वाढ नीट होत नाही. शिवाय ती पेशी विळ्यासारखी होऊन शरीराच्या सफाई यंत्रणेच्या हाती लवकर लागते. त्यामुळे जिवावर बेतणाऱ्या हिवतापापासून वाहक मुलांना सुमारे नव्वद टक्के संरक्षण मिळते, असे आफ्रिकेतील अभ्यास सांगतात.

गडचिरोली जिल्ह्याला हिवतापाची ओळख करून देण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार हा जिल्हा वाहत आला आहे. औषधे नव्हती, मच्छरदाणी नव्हती, तेव्हा या जंगलात आपले पूर्वज तगले, त्यात या जनुकाचाही वाटा होता. म्हणून ज्याला आपण कलंक समजून लपवितो, ती एके काळी आपल्या पूर्वजांची ढाल होती.

मात्र ढालीची किंमतही होती. ज्या मुलाला दोन्ही प्रती सदोष मिळतात, त्याला हिवताप अधिकच धोकादायक ठरतो. वारंवार रक्तप्रवाह अडल्याने त्याच्या प्लीहेचे कार्य मंदावते. प्लीहा, म्हणजे आपण जिला पानथरी म्हणतो ती, रक्तातील जंतू गाळून काढणारी आपल्या प्रतिकारशक्तीची महत्त्वाची चौकी आहे. ती निकामी झाली की न्यूमोनियासारखे जंतुसंसर्ग लहान मुलाचा घास घेतात. म्हणून अशा मुलाच्या तापाकडे एक दिवसही दुर्लक्ष करता कामा नये. वाहकांनीही मच्छरदाणी सोडू नये. त्यांनाही हिवताप होतोच.

गणित समजून घेऊ या

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल पूर्ण निरोगी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि आजारी असण्याची २५ टक्के असते. "एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुखरूप," असा हिशेब काही जण मांडतात. तो चूक आहे. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडते. मागचा छापा ते लक्षात ठेवीत नाही. एकच पालक वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर मुले वाहक होऊ शकतात, परंतु त्यांना हा आजार होत नाही. दुसरा पालक थॅलेसेमियाचा वाहक असल्यास मात्र धोका असतो. म्हणून तपासणी नेहमी दोघांची करावी.

यातून आणखी एक गोष्ट सिद्ध होते. आजारी मुलाला एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळालेली असते. तरीही आपल्या घरांतून दोष दिला जातो तो सुनेला. "हिच्या पायगुणाने झाले," असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे.

कर्म, जात आणि जनुक

काही जण याला गतजन्मीचे पाप म्हणतात. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त आनुवंशिकतेच्या कसोटीवर तपासून नाकारला आहे. मूल आपले गुणधर्म आईवडिलांकडून घेते, हे विज्ञान सांगते. मग पूर्वजन्मीच्या हिशेबाला जागा उरतेच कोठे? प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर केले की परिणाम टळतो, ही तथागतांची शिकवण या आजाराला तंतोतंत लागू पडते.

जातीविषयीही हे जनुक काही सांगते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधात पंचविशीतील भीमरावांनी जातीचे मर्म एका शब्दात पकडले होते : अंतर्विवाह. शंभर वर्षांनी, २०१६ साली, पार्थ मजुमदार व त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे असा निष्कर्ष काढला की पूर्वी येथील समूह परस्परांत मिसळत होते. सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे गुप्तकाळाच्या सुमारास, उच्चवर्णीय समूहांत ही सरमिसळ एकाएकी थांबली. म्हणजे भिंती नंतर उभ्या राहिल्या. त्यांच्या आत पिढ्यानपिढ्या लग्ने होत राहिली, की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते. भारतात सिकलसेलचे जे जनुक आढळते, त्याच्या आसपासची जनुकीय खूण आदिवासी व अनुसूचित जातींत बहुतांशी सारखीच आहे. तीच खूण पूर्व अरबस्तानातही सापडते. जनुकाने जातीचा दाखला कधी मागितला नाही. म्हणून आंतरजातीय विवाहातही तपासणी हवीच.

आज काय करता येते

हा आजार आता असहायपणे सोसण्याचा राहिलेला नाही. भरपूर पाणी, फॉलिक आम्ल, वेळेवर लसीकरण आणि लहान मुलांना पेनिसिलिन यांमुळे जीव वाचतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुक-संपादनावर आधारित पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. तो अद्याप अतिशय महाग आहे. आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे हिमोग्लोबिनच्या विकारांवरील केंद्र आपल्या चंद्रपुरातच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. रुग्ण विद्यार्थ्यांच्या पालकांनी दिव्यांगत्व प्रमाणपत्राची चौकशी अवश्य करावी.

परंतु तपासणीचा निकाल हाती आल्यावर आपण त्याचे काय करतो, यावर सर्व अवलंबून आहे. "वाहक आहे" एवढ्यावरून सोयरीक मोडणे, ही नवी अस्पृश्यताच होय. वाहक मुलगी किंवा मुलगा विवाहास पूर्ण योग्य आहे. जोडीदाराची तपासणी झालेली असावी, एवढेच. दोघेही वाहक असून त्यांनी विवाह केलाच, तर गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच डॉक्टरांना गाठावे. गर्भाची तपासणी करता येते.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण आज शिक्षक, परिचारिका, ग्रामसेवक आहेत. वधू-वर परिचय मेळाव्यांत शिक्षण आणि नोकरीच्या रकान्यांशेजारी सिकलसेल तपासणीचा रकाना असावा आणि तो भरताना कोणाचा हात थरथरू नये, असे वातावरण निर्माण करणे आपल्या हाती आहे. शिक्षकांनी, थंडीत पाय दुखतात म्हणणाऱ्या मुलावर आधी विश्वास ठेवावा, त्याला पाणी व ऊब द्यावी आणि आरोग्य केंद्रात न्यावे. मी जे केले ते कोणी करू नये.

त्या वडिलांना दिलेला शब्द मी आजवर पाळला; त्यांचे नाव, गाव मी कोणाला सांगितले नाही. परंतु ते पुन्हा भेटले, तर त्यांना सांगेन : "दादा, त्या दिवशी मी गप्प राहावयास नको होते. पोरीचे लग्न ठरविण्याआधी तिची आणि मुलाची तपासणी करा, असे तुम्हांला सांगावयास हवे होते."