पाठराखीण : मानाची आणि जोखमीची

लग्नसराई सुरू झाली की जळगाव-धुळ्याच्या मंगल कार्यालयांत नवरीच्या मागोमाग एक मुलगी हमखास वावरताना दिसते. नवरीची पिशवी तिच्या खांद्यावर, नवरीचा मोबाईल तिच्या हातात, आणि तिने स्वतः काही खाल्ले की नाही याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. अलीकडे हौसेने तिला ‘ब्राइड्समेड’ म्हणतात. आपल्याकडे तिच्यासाठी दोन जुने शब्द आहेत : करवली आणि पाठराखीण.

करवली ही वराची किंवा वधूची बहीण. मंगलाष्टकांच्या वेळी हाती करा घेऊन ती पाठीशी उभी राहते. तिचे काम मांडवापुरते. पाठराखीण मात्र वरातीबरोबर सासरी जाते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले. त्याआधी सासरी निघालेली नवरी अनेकदा बालिकाच असे. परक्या घरातील पहिल्या दिवसांत तिला ओळखीचा चेहरा हवा, या गरजेतून पाठराखणीची प्रथा दृढ झाली असावी.

आजची नवरी सुशिक्षित, कमावती असते. तरीही त्या एका दिवशी ती सर्वांच्या मधोमध असून काही बोलू शकत नाही. वैशाखात खान्देशातील पारा सहज ४२ अंशांच्या वर जातो. अंगावर भारी शालू असतो. पाणी, औषध, दहा मिनिटांची विश्रांती, स्वच्छतागृह या गोष्टी मागायला ती संकोचते. तिचा चौविहार असेल, तर छायाचित्रकाराला थांबवून सूर्यास्तापूर्वी तिला जेवू घालणे हे पाठराखणीचेच काम. एरंडोल-पारोळामार्गे धुळ्याला वरात निघायची असेल, तर पाण्याची बाटली आणि साधे, सुती कपडे तिने आधीच गाडीत ठेवावेत.

दुसरे काम दागिन्यांचे. बँकेतील नोकरीत लॉकर विभाग सांभाळताना एक गोष्ट वारंवार पाहिली : सोने कोणी दिले, किती दिले, यावर वाद निर्माण होतो आणि कोणाकडेही कागदाचा कपटा नसतो. वस्तुतः हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ याखाली १९८५ मध्ये केलेल्या नियमांनुसार विवाहातील भेटवस्तूंच्या लेखी याद्या विवाहाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करावयाच्या असतात. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते असल्यास ते नोंदवून वधू-वर दोघांनी सही करावी. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनेच जपावी. स्त्रीधन हे स्त्रीचे स्वतःचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्याच प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे.

ही यादी लिहिण्यास पाठराखणीइतकी योग्य व्यक्ती कोण? आहेर येताना ती शेजारीच असते. प्रत्येक दागिन्याचे वजन, पावतीचा क्रमांक आणि हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक तिने वहीत उतरवून ठेवावा. यात अविश्वास नाही. बँकेत रोज संध्याकाळी रोकड मोजतात, ती रोखपालावर संशय आहे म्हणून नव्हे.

तिसरी जबाबदारी सर्वांत नाजूक. सासरी दोन दिवस राहिलेली पाठराखीण पुष्कळ पाहते, पुष्कळ ऐकते. भाजीत मीठ कमी होते, पाहुण्यांना खोली लहान मिळाली, या गोष्टी तिने तेथेच सोडून याव्यात. परंतु पैशाची किंवा वस्तूची मागणी कानावर आली, नवरीला कोणी धमकावले, किंवा ती एकटीच रडताना दिसली, तर ‘लोक काय म्हणतील’ हा विचार बाजूला ठेवून तिने त्याच दिवशी मुलीच्या आईवडिलांना सांगावे. काय गिळायचे आणि काय सांगायचे, हा विवेक म्हणजेच तिची खरी पात्रता.

म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती की, छायाचित्रात शोभून दिसेल म्हणून बारा-तेरा वर्षांच्या चुलत बहिणीला पाठराखीण करू नये. समजूतदार, धीट, शक्यतो स्वतः विवाहित असलेली बहीण, वहिनी किंवा मैत्रीण निवडावी. तिला जबाबदारी आधी समजावून सांगावी, तिच्या प्रवासाची आणि जेवणाची सोय करावी, आणि साडी-चोळीने तिचा मान राखावा.

तिचे काम वरात परतली की संपत नाही. पहिल्या आखाजीला लेक माहेरी येते, अंगणात झोके बांधले जातात. आईसमोर मुलगी हसून ‘सगळं छान आहे’ म्हणते. झोक्यावर शेजारी बसलेल्या पाठराखणीने तोच प्रश्न हलक्या आवाजात पुन्हा विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.