काजव्यांच्या रात्री मेक्सिकोचं कणीस

मे संपत आला की भंडारदऱ्याच्या काठच्या गावांना रात्री जाग असते. शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद. हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं काजव्यांनी लखलखतात आणि ते बघून परतणारी मंडळी टपरीवर थांबतात. हवं असतं एकच : निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, वर लिंबाची फोड नि तिखट-मीठ.

अकोले तालुक्यातला हा रात्रीचा लाडका खाऊ मेक्सिकोतही रस्तोरस्ती मिळतो. तिथे त्याला ‘एलोते’ म्हणतात. कणीस भाजलेलं किंवा उकडलेलं, वर लिंबू, तिखट आणि शिवाय मेयोनीज नि चुरलेलं खारट चीज. दाणे सोडवून पेल्यात दिले की ते ‘एस्कितेस’. आपला कपातला मसाला कॉर्न त्याचा सख्खा भाऊ शोभावा!

मका मुळातच तिकडचा. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी नैऋत्य मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात ‘तेओसिंते’ नावाच्या रानगवतापासून शेतकऱ्यांनी तो घडवला. मिरचीही तिकडचीच, पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली. म्हणजे शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला तेव्हा मिरची या भूमीत तशी नवखीच होती. उलट लिंबू, कोथिंबीर, आंबा आणि चिंच इकडच्या जगातून तिकडे गेले. आज लिंबू-कोथिंबिरीवाचून टाकोचं (‘टोर्टिया’ या मक्याच्या पातळ पोळीत सारण भरून दुमडलेल्या खाऊचं) पान हलत नाही, आणि चिंचेचं सरबत तिथे घराघरांत प्यायलं जातं.

टाको हे खरं रात्रीचं खाणं. मेक्सिको सिटीत अंधार पडला की उभ्या सळईवर मांसाचे थर फिरू लागतात, टोकाला अननस खोवलेला. हा ‘टाको अल पास्तोर’. त्याचं मूळ लेबनॉनहून गेलेल्या स्थलांतरितांच्या शावर्म्यात आहे. आपल्या फ्रँकीची जन्मकथाही तिथेच पोचते : बैरूतमध्ये पिटा रोल खाऊन आलेल्या अमरजितसिंग टिब यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो मुंबईच्या चवीत बसवला. एकाच लेबनॉनने दोन खंडांतल्या रात्री जागवल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाण्याची बचत बघायची असेल तर मेक्सिकोतल्या ठेल्यांवर बघा. प्लास्टिकच्या ताटलीला पिशवी चढवायची, त्यावर टाको वाढायचा, खाऊन झालं की पिशवी बदलायची. ताटली धुवायलाच नको. (प्लास्टिकचा ढीग वाढतो, तो भाग वेगळा. आपल्या पत्रावळीला तोड नाही.)

आता चुन्याची गोष्ट. टोर्टियाचा मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत घालतात. त्याने साल सुटते, पीठ चिकटून येतं आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगाला लागतं. मका युरोपात पोचला, पण ही युक्ती मागेच राहिली. उत्तर इटलीतल्या मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पेलाग्रा या नायसिनच्या अभावाच्या रोगाने छळलं. कातडी सोलवटे, बुद्धी भ्रमिष्ट होई, माणसं मरत. चिमूटभर चुन्याचं शहाणपण केवढं मोलाचं!

सालसा कशात वाटतात? काळ्या ज्वालामुखी दगडाच्या खलात. चुन्यात भिजवलेल्या मक्याचं पीठ, म्हणजे ‘मसा’, वाटायचा ‘मेताते’ तर आपला पाटा-वरवंटाच, फक्त तीन पायांवर उभा. दगड बसाल्ट, कळसूबाईचाही तोच. भाजलेला टोमॅटो, मिरची, मीठ, कधी लसूण : कोणत्याही आजीला हा ठेचा ओळखीचाच वाटेल.

मक्यावर काणी पडली की आपला शेतकरी कणीस फेकून देतो. मेक्सिकोत त्याच बुरशीने फुगलेल्या करड्या दाण्यांना ‘वित्लाकोचे’ म्हणतात आणि ते ‘केसादिया’त, म्हणजे दुमडून भाजलेल्या टोर्टियात, भरून आवडीने खातात.

आणि ज्यांनी कधी मका खाल्लाच नाही, त्यांच्या पोळीचं काय? १९६६ साली भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं मागवलं : लेर्मा रोहो आणि सोनोरा. हरितक्रांतीची सुरुवात त्यातूनच झाली.

पण बियाण्याबाबत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते कोंभाळणे. अकोल्याच्याच या गावातल्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२०च्या पद्मश्रीत त्यांचं नाव आलं. मेक्सिकोतही मक्याचे साठेक देशी वाण शेतकऱ्यांनीच जपले आहेत : पांढरे, पिवळे, लाल, निळे. निळ्या मक्याची टोर्टिया खरोखर निळी निघते. राहीबाईंची बियाण्यांची मडकी-गाडगी आणि तिथल्या घराच्या आढ्याला टांगलेली कणसं एकाच वृत्तीची आहेत. अशा माणसांवाचून कुठल्याही गल्लीची चव टिकत नाही.

आता परत भंडारदऱ्याकडे. तिथल्या टपरीवाल्यांना एक विनंती : काजव्यांच्या हंगामात दिवे झाकलेले ठेवा. नर-मादीची भेट त्या लुकलुकण्यावरच ठरते, झगझगीत उजेडात इशारे हरवतात.

जागा लहान आहे म्हणून मात्र कुणी हात आखडू नये. मेक्सिको सिटीतल्या ‘एल कालिफा दे लेऑन’ या १९६८ सालच्या टाको ठेल्याची जागा जेमतेम तीन मीटर बाय तीन मीटर, यादीत चारच टाको. मे २०२४मध्ये त्याला मिशेलिनचा तारा मिळाला. आपल्याकडे तर नागलीची भाकरी आहे, पिठलं आहे, मिरचीचा ठेचा आहे. गरम भाकरी दुमडून त्यात हे सगळं भरून हातात द्यायला शेंडीच्या नाक्यावर कुणीतरी येत्या हंगामात सुरुवात करावी. रात्री बाराला खाणारे तिथे आधीच उभे असतात.