वेब फीडमधील मजकूर आणि दृष्टिहीन वाचक

संकेतस्थळावर नवी सूचना आली की ती वाचकाच्या यंत्रावर आपोआप पोहोचविणारी जी सोय, तीस वेब फीड म्हणतात. तिचा आरएसएस हा प्रकार १९९९ साली प्रचारात आला. ॲटम हा दुसरा प्रकार २००५ साली प्रमाण ठरला. फीडमध्ये मुख्यतः सूचनेचे शीर्षक, दुवा, तारीख व मजकूर एवढेच असते. पानाची रंगसंगती, मांडणी व अक्षरवळण बहुधा मागेच राहतात. त्यामुळे दृष्टिहीन व्यक्तीस फीड मूळ पानाहून सोयीची व्हावयास हवी. जाहिरातींचे रान तुडवावे लागत नाही. परंतु मजकूर मुळातच नीट लिहिलेला असला, तरच हा लाभ पदरात पडतो.

दृष्टिहीन पालक अथवा शिक्षक स्क्रीन रीडर नावाच्या आज्ञावलीच्या साहाय्याने मजकूर ऐकतो. २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेली एनव्हीडीए ही अशीच एक विनामूल्य आज्ञावली असून तीतून मराठीही ऐकता येते. शिष्यवृत्तीच्या परिपत्रकाचे सही-शिक्क्यासह छायाचित्र काढून तेवढेच फीडमध्ये दिले, तर पुष्कळदा या पालकाच्या कानी ‘चित्र’ एवढा एकच शब्द पडतो आणि अर्जाची अखेरची तारीख त्याच्या नकळत टळून जाते. छायाचित्र जरूर जोडावे; पण पात्रता, तारीख व कागदपत्रे ही अक्षरांत लिहावीत आणि चित्रासोबत त्याचा पर्यायी मजकूर द्यावा. ‘फोटो ३’ हा पर्यायी मजकूर नव्हे.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे, आणि ती फार जुनी आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो खरा, परंतु यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरे व चिन्हेच असतात. स्क्रीन रीडर तीच उच्चारतो. फीडमध्ये तर तो फॉन्टही सोबत जात नाही, म्हणून डोळस वाचकासही अर्थहीन अक्षरांची रांगच दिसते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. त्यासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक उपलब्ध आहे. फीडची भाषा मराठी असल्याची खूणही सांकेतिक लिपीत नोंदवावी, म्हणजे वाचक-यंत्रास योग्य आवाज निवडणे सुकर होते.

स्क्रीन रीडर वापरणारा मनुष्य शीर्षकांवरून उड्या घेत पुढे जातो. ओळीने दहा वेळा ‘महत्त्वाची सूचना’ ऐकू आल्यास त्याने कोणती उघडावी? ‘पाचवी शिष्यवृत्ती : अर्जाची मुदत’ असे शीर्षक असावे. ‘येथे क्लिक करा’ या दुव्याचीही तीच गत. ‘लाल अक्षरांतील बाबी भराव्यात’ असे लिहिणे तर व्यर्थच. फीडमध्ये लाल रंग उरेलच असे नाही.

ध्वनिफीत जोडल्यास कर्णबधिरांसाठी तिचे लेखी रूप द्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानेही सुगम स्वरूपातील माहितीचे उत्तरदायित्व शासनावर घातले आहे.

सूचना प्रसिद्ध केल्यावर शिक्षकांनी अँड्रॉइड फोनवरील टॉकबॅक चालू करावे, डोळे मिटावेत व ती एकदा अथपासून इतिपर्यंत ऐकावी. तारीख ऐकू आली नाही, तर सूचना पुन्हा लिहावी.