लिंकमध्ये हरवलेलं अधिकचं चिन्ह



आरोग्य तपासणीसाठी मी एकदा वर्गातल्या प्रत्येक मुलाची वेगळी गूगल फॉर्म लिंक केली. नाव आणि रक्तगट आधीच भरलेला, पालकांनी फक्त तपासून पाठवायचं. लिंक मी पायथनमध्ये तुकडे जोडून बनवल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी एका आईचा फोन, "मॅडम, रक्तगट अर्धाच दिसतोय." बघते तर काय, 'बी-' जसाच्या तसा, पण 'बी+' असलेल्या सगळ्यांचा नुसता 'बी'! रक्तगटात असं अर्धवट चालतं का?

चूक माझीच होती. लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर माहितीच्या जोड्या असतात:

?नाव=मीरा&रक्तगट=बी+

'=' च्या डावीकडे रकाना, उजवीकडे उत्तर, आणि दोन जोड्यांच्या मध्ये '&'. फॉर्मच्या लिंकमध्ये '+' म्हणजे मोकळी जागा. म्हणून माझं अधिक तिथे पुसलं गेलं. वजाच्या चिन्हाला असा खास अर्थ नाही, ते वाचलं. कुणी 'आई & बाबा' लिहिलं असतं, तर 'बाबा' वेगळाच रकाना समजला गेला असता.

म्हणून अशा चिन्हांना सांकेतिक रूप देतात. '+' चं %२बी, '&' चं %२६ (लिंकमध्ये ही अक्षरं आणि अंक इंग्रजी असतात). पायथनच्या 'यूआरएललिब डॉट पार्स' मध्ये 'यूआरएलएनकोड' नावाचं फंक्शन आहे. त्याला रकाने आणि उत्तरांची डिक्शनरी द्या, ते सगळं बदलून, '&' ने जोडून देतं. मोकळ्या जागेचा '+' सुद्धा तेच करतं. हाताने जोडाजोडी नकोच.

मराठीची गंमत बघा. 'शाळा' आपल्याला दोन अक्षरं, पण संगणकाला चार: श, काना, ळ, काना. प्रत्येकाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइटचं '%' धरून तीन चिन्हांचं रूप. म्हणजे एवढ्याशा 'शाळा'ची ३६ चिन्हं! लिंक लांबलचक दिसली तर घाबरू नका, ती बरोबरच आहे.

प्रोग्रॅमिंग नको असेल तर गूगल शीट्समध्ये 'एनकोडयूआरएल' हे सूत्र आहे. मात्र ते फक्त उत्तराच्या तुकड्याला लावा. अख्ख्या लिंकला लावलंत तर '?' आणि '=' सुद्धा बदलतात आणि लिंक उघडतच नाही. दोनदाही लावू नका. '%' चं स्वतःचं रूप %२५ होतं, मग पालकांना 'बी%२बी' असं काहीतरी दिसतं. (हेही मी करून बसलेय!)

आणखी एक. हे कुलूप नव्हे. ही चिन्हं कुणीही क्षणात उलटी वाचू शकतं, आणि लिंक ब्राउझरच्या हिस्टरीत राहते, पुढेही पाठवली जाते. त्यामुळे आधार क्रमांक मी लिंकमध्ये घालत नाही, तो रकाना पालकांनाच भरायला ठेवते. रक्तगटाच्या लिंकही आता वर्गाच्या ग्रुपवर टाकत नाही, ज्याच्या त्याच्या पालकांना वेगळ्या पाठवते.