म्हशीला आंबोण, सुनेला काय?

विण्याच्या दोन महिने आधी म्हैस आटवायची, तिला विसावा द्यायचा आणि रोज जादा आंबोण घालायचे, ही गोष्ट सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याला आता शिकवावी लागत नाही. पोटातल्या रेडकाची वाढ या शेवटच्या दिवसांत होते आणि पुढच्या वेताचे दूधही यावरच ठरते, हे तो अनुभवाने जाणतो. पण त्याच घरातली गरोदर सून सातव्या महिन्यातही भांगलणीला जाते, दोन हंडे पाणी आणते आणि घरी आल्यावर कोरा चहा पिते. दूध पहाटेच डेअरीला गेलेले असते.

यात कोणाच्या मनात कपट नसते. दुधाचा पगार दहा दिवसांनी येतो आणि त्यावर घर चालते. बाळंतपण काय, आपल्या आजीची दहा झाली, असे आपण म्हणतो. परंतु पुण्याजवळच्या खेड्यांत गेली तीस वर्षे चाललेल्या एका संशोधनाने या सवयीचा हिशेब मांडला आहे. तो प्रत्येक शेतकरी कुटुंबाने समजून घ्यावा असा आहे, कारण त्याचा संबंध मधुमेहाशी आहे.

दारे धरणारा गडी

आपल्या शरीरात काही ग्रंथी आहेत. त्या रक्तात अगदी थोडा रस सोडतात आणि तो दूरच्या अवयवाला काम सांगतो. या रसांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातून निघणारे संप्रेरक म्हणजे इन्शुलिन.

रक्तातील साखर म्हणजे पाटाचे पाणी आणि शरीरातील पेशी म्हणजे वाफे, असे समजा. इन्शुलिन हा दारे धरणारा गडी. तो वाफ्याचे दार फोडतो आणि पाणी आत जाते. गडी कामावर आलाच नाही, किंवा दारे इतकी घट्ट झाली की त्याच्याने फुटेनात, तर पाट तुडुंब वाहतो आणि वाफे सुकतात. यालाच मधुमेह म्हणतात. रक्तात साखर तुंबते. डोळे, मूत्रपिंड, पायाच्या नसा आणि हृदय यांची हळूहळू नासाडी होते.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्शुलिन वेगळे काढले. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे इंजेक्शन दिले गेले. मरणाच्या दारातला मुलगा सावरला. पुढे साठ वर्षे इन्शुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. आता ते प्रयोगशाळेत जिवाणू व यीस्ट यांच्याकडून करून घेतात. उपाय सापडला खरा, पण रोग मुळात येतो कुठून, हा प्रश्न उरलाच.

पुण्याच्या खेड्यांतील शोध

मधुमेह हा श्रीमंतांचा, शहरातल्या लठ्ठ माणसांचा रोग, अशी आपली समजूत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातही शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ जणांना मधुमेह आढळला. त्यांतले कितीतरी अंगाने सडपातळ असतात. असे का व्हावे?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना हाच प्रश्न पडला होता. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद केली. त्या गरोदर राहिल्या तेव्हा त्यांचा आहार, त्यांचे काम आणि त्यांचे रक्त तपासले आणि जन्मलेल्या मुलांची मोजमापे घेतली. या शेतकरी घरांतल्या बायका होत्या. गरोदर राहण्यापूर्वी त्यांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते.

त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधील बाळे साडेतीन किलोची असतात. विशेष म्हणजे आपल्या बाळांत मांस कमी होते, पोटातील अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. पुण्यात जन्मलेल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिनही जास्त आढळले. म्हणजे दारे धरणाऱ्या गड्याला जन्मापासूनच जादा जोर लावावा लागत होता. बाहेरून हडकुळे, आतून चरबीचे, असे हे आपले बाळ.

ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी तीस टक्क्यांच्या आसपास मुलामुलींची साखर मर्यादेपेक्षा वाढलेली निघाली. पोटात असताना ज्यांची वाढ नीट झाली नव्हती त्यांच्यात हा धोका अधिक होता. उसाचे बेणे कच्चे असेल तर पुढे कितीही खत घातले तरी त्याचा उणेपणा पुरता भरून निघत नाही, तसाच हा प्रकार.

नुसते पोट भरून भागत नाही

आईने किती भाकरी खाल्ल्या, याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. मात्र ज्या बायकांच्या खाण्यात दूध, पालेभाजी आणि फळे वारंवार होती, त्यांची बाळे अधिक भरदार होती. ज्यांना विहिरीवरून पाणी आणणे, धुणे, रानातली कामे अशी दगदग जास्त होती, त्यांची बाळे लहान भरली. माण-खटाव, जत-आटपाडीच्या बायकांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट बी-१२ या जीवनसत्त्वाची. साधारण दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ते कमी होते. हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. शाकाहारी घरात त्याचा मुख्य आधार दूध. ते सगळे डेअरीला गेले, तर घरातल्या बाईने ते आणायचे कुठून?

ज्या मातांना बी-१२ कमी आणि फोलिक आम्ल जास्त होते, त्यांच्या मुलांचे इन्शुलिन सहाव्या वर्षी नीट काम करत नसल्याचे दिसले. याचा अर्थ लोह व फोलिक आम्लाच्या सरकारी गोळ्या बंद करायच्या, असा मुळीच नाही. त्या घेतल्याच पाहिजेत. त्यांच्या जोडीला बी-१२ हवे, इतकाच याचा अर्थ.

या खेड्यांतच २०१२ पासून वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ देऊन पाहण्यात आले. लग्नाआधीपासून हे मिळालेल्या मुलींची बाळे दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांची बौद्धिक वाढ काही बाबतींत सरस आढळली. म्हणून तयारी गरोदरपणात नव्हे, मुलगी वयात येते तेव्हाच सुरू व्हावी.

घराने काय करावे

वयात आलेल्या मुलीला व गरोदर सुनेला रोज दोन पेले दूध किंवा तेवढे दही द्यावे. चालत असेल तर अंडेही द्यावे. परसातील शेवगा, मेथी, राजगिरा, पेरू, पपई यांना बाजारात जाण्याआधी घरात वाटा असावा. गरोदर बाईला मागे वाढू नये, सगळ्यांबरोबर बसवावे. पाण्याचे हंडे घरातल्या गड्यांनी उचलावेत. त्यात कमीपणा नाही. मुलीचे लग्न लवकर उरकू नये. आशाताईंकडे नाव नोंदवून रक्तातील साखर पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासून घ्यावी. अशक्तपणा किंवा हातापायाला मुंग्या असतील तर बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारावे. सासू-सासऱ्यांनीही वर्षातून एकदा साखर तपासावी. अंगाने बारीक आहोत म्हणून गाफील राहू नये.

मधुमेह होण्याला इतरही कारणे आहेत. रक्ताचे नाते आहे, बसून राहणे आहे, गोडधोड आहे. ती सारी आपल्या हातात नसतात. हे एक मात्र आहे, आणि त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही. दोन पेले दुधाचे पैसे पगारातून कमी येतील, हे खरे. परंतु मधुमेहाच्या औषधाचा खर्च जन्मभराचा असतो आणि त्यासाठी डेअरी उचल देत नाही.

तेव्हा उद्या धार काढल्यावर आधी घरचे माप काढून ठेवा, आणि मगच किटली डेअरीला पाठवा.