आवाज करणारा टॅपेट परवडला, गप्प झालेला नाही! जुन्या बीटलचं व्हॉल्व्ह सेटिंग घरी कसं करतात?

फोक्सवॅगन बीटल. गोल पाठीची, मागे इंजिन असलेली, रेडिएटरच नसलेली गाडी. १९७२ मध्ये तिने फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला आणि २००३ मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे शेवटची बीटल तयार झाली, तोवर जगभरात २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या बनल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच आजही रस्त्यावर आहेत. त्या टिकण्यामागे एक कारण आहे, मालक स्वतः गाडीखाली झोपून करतात ते एक काम. व्हॉल्व्हची गॅप सेट करणं. आपल्याकडे बुलेटवाले आणि गॅरेजवाले ज्याला 'टॅपेट सेटिंग' म्हणतात, तेच हे.

काम तासा-दीड तासाचं आहे. पण ते टाळलं तर अख्खं इंजिन उघडायची वेळ येऊ शकते.

मुळात गॅप कशाला?

इंजिनमधला कॅमशाफ्ट फिरतो, तो एका दांड्याला ढकलतो, दांडा रॉकरला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. बीटलच्या बहुतेक इंजिनांत ती ०.१५ मिमी असते, म्हणजे झेरॉक्सच्या साधारण दीड कागदाइतकी. काही जुन्या इंजिनांचा आकडा वेगळा आहे, त्यामुळे आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघायचं.

गॅप वाढली की टिकटिक आवाज येतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, ताकद थोडी कमी होते. कानाला त्रास, पण मोठं नुकसान लगेच होत नाही.

खरा धोका उलटा आहे. गॅप संपली की आवाज बंद होतो आणि मालकाला वाटतं, वा, इंजिन काय मस्त चालतंय! प्रत्यक्षात व्हॉल्व्ह नीट बंदच होत नसतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकल्यावरच बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर तापत राहतो, फटीतून जळता वायू निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. त्याहून वाईट म्हणजे तापून ताणला गेलेला व्हॉल्व्ह कधीतरी तुटतो. तुटलेलं डोकं सिलिंडरमध्ये पडलं की पिस्टनला भोक पडतं. मग सेटिंग वगैरे विसरा.

३ नंबरचं दुखणं

समोर तोंड करून गाडीत बसलात तर उजवीकडचा पुढचा सिलिंडर १, मागचा २, डावीकडचा पुढचा ३ आणि मागचा ४. जुन्या इंजिनांत ऑइल कूलर नेमका ३ नंबरकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेत उभा होता. त्यामुळे त्याला हवा कमी आणि तीही गरम मिळायची. त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सगळ्यात आधी जायचा. १९७१ च्या मॉडेलपासून कंपनीने कूलरला वेगळी वाट करून दिली. तरी काही जुने जाणकार ३ नंबरची एक्झॉस्ट गॅप आजही किंचित जास्त ठेवतात.

आता प्रत्यक्ष काम

पहिला नियम असा की इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर गाडी उभी असेल तर उत्तम. हे इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड प्रसरण पावतात आणि गॅप वाढते. गरम इंजिनवर ०.१५ लावली तर थंड झाल्यावर ती त्याहून कमी भरेल, आणि पुन्हा तोच घट्ट व्हॉल्व्ह.

किल्ली काढून ठेवा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड किंवा ठोकळे. गाडी उचलणार असाल तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका, स्टँड लावाच.

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. त्याच्या कडेवर १ नंबरची खाच असते. पुली फिरवून रोटर त्या खाचेसमोर आणा, पुलीवरची खूण इंजिनच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडावर जुळवा. आता १ नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. टॅपेट कव्हर तारेच्या क्लिपने अडकवलेलं असतं. क्लिप खाली ढकलली की ते निघतं. थोडं ऑइल गळेल, खाली ट्रे ठेवा.

१३ च्या पान्ह्याने लॉकनट सैल करा, फिलर गेज गॅपमध्ये घाला आणि स्क्रू फिरवा. पाती सरकताना हलकीशी अडायला हवी, अगदी अडकायला नको. मग स्क्रू जागेवर धरून नट आवळा आणि पुन्हा मोजा. नवख्यांचं चुकतं ते इथेच, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

मग पुली उलट दिशेला, म्हणजे मागून बघताना घड्याळाच्या काट्यांविरुद्ध, अर्धा फेरा. आता २ नंबर. पुन्हा अर्धा फेरा, ३. पुन्हा अर्धा, ४. दर हेडला टोकाचे दोन एक्झॉस्ट आणि मधले दोन इनटेक असतात.

प्रत्येक वेळचं माप वहीत लिहून ठेवा. साधारण ५ हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासताना दरवेळी एकच एक्झॉस्ट घट्ट निघत असेल, तर तो ताणला जातोय. अशा वेळी सेटिंग करून गाडी पळवत राहू नका, हेड उघडून तो बदला.

शेवटी कव्हरचं कॉर्कचं गॅस्केट नवीन घाला, बसण्याची जागा पुसून घ्या आणि इंजिन चालू करून दोन्ही बाजूंना ऑइल टपकतंय का बघा.

आणि गाडी मेक्सिकोत बनलेली, १९९० च्या दशकातली फ्युएल इंजेक्शनवाली असेल, तर हे सगळं करायची गरजच नाही. तिच्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते गॅप आपोआप सांभाळतात.